दुबईचं घड्याळ, बर्डीचं दुकान आणि कस्टम्सचं चलन

प्रश्न नागपूरच्या सीताबर्डीवर, म्हणजे बर्डीवर, घड्याळं आणि परफ्यूमचं दुकान असलेल्या एका व्यापाऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "गिऱ्हाईक येतं, घड्याळ हाताला लावून पाहतं, मॉडेल नंबरचा फोटो काढतं आणि दुबईहून येणाऱ्या भाच्याला पाठवतं. बाकीचे परदेशी साइटवरून मागवतात. भाडं, लाइट बिल, दोन पोरांचे पगार आम्ही भरतो. मग असल्या खरेदीवर सरकारने जबर कर का लावू नये? आणि मुक्त व्यापार चांगला म्हणणाऱ्यांना आमची दुकानं बंद पाडायची आहेत का?"

भाऊ, तुमची तक्रार अर्धी खरी आहे. गंमत म्हणजे जी अर्धी खरी आहे, ती तुम्ही नेमकी मांडलेलीच नाही. मी नागपुरात कस्टम्स ब्रोकरचं काम करतो. लोकांची बिल ऑफ एंट्री (आयात मालाची कस्टम्सकडची नोंद) भरणं, शुल्काचा हिशोब लावणं आणि अडकलेला माल सोडवणं यातच दिवस जातो. म्हणून आधी तत्त्वाचं न बोलता हिशोबाचं बोलतो.

40,000 रुपयांचं एक मनगटी घड्याळ घ्या. ही किंमत माल, वाहतूक आणि विमा धरून, कारण कस्टम्स तिघांच्या बेरजेलाच मूल्य मानतं. तुम्ही ते रीतसर आयात केलं, तर त्यावर 20 टक्के मूळ सीमाशुल्क लागतं. 2018 च्या अर्थसंकल्पापर्यंत हा दर 10 होता, तेव्हा तो दुप्पट झाला. म्हणजे 8,000 रुपये. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 800 रुपये. माल झाला 48,800 चा. आता या आकड्यावर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), म्हणजे 8,784 रुपये. घड्याळ पडलं 57,584 ला, तुमचा नफा अजून धरलेलाच नाही.

एकाच चलनावर दोन रकमा दिसतात, 8,800 आणि 8,784. जवळजवळ सारख्या असल्यामुळे व्यापारी त्यांना एकच समजतात आणि "कस्टम लागला" म्हणून मोकळे होतात. पण दोघींचा स्वभाव अगदी वेगळा आहे. आयजीएसटी हा तोच कर आहे जो होसूरला बनलेल्या देशी घड्याळावरही गिऱ्हाईक भरतं. तो सीमेवर घेण्यामागे हेतू एवढाच, की माल देशी असो वा परदेशी, नागपुरात वापरला जाणार तर नागपूरचाच कर पडावा. शिवाय तुम्ही नोंदणीकृत असल्यामुळे तो क्रेडिटमध्ये परत मिळतो, म्हणजे विक्रीवर भरायच्या जीएसटीतून वजा होतो. सीमाशुल्काचं तसं नाही. देशी मालावर ते नसतंच. बाहेरचा माल महाग व्हावा म्हणूनच ते लावलेलं असतं आणि त्याचं क्रेडिटही मिळत नाही, ते तुमच्या खरेदी किमतीत कायमचं मुरतं.

आता तुमच्या गिऱ्हाइकाचा भाचा. 2016 च्या बॅगेज नियमांत परदेशातून विमानाने परतणाऱ्या रहिवाशाला 50,000 रुपयांपर्यंतचा माल बिनशुल्क आणता येत होता (नेपाळ, भूतान, म्यानमार सोडून). फेब्रुवारी 2026 पासून ती मर्यादा 75,000 झाली. त्याने हेच घड्याळ शारजाच्या विमानातून आणलं आणि ग्रीन चॅनलमधून (शुल्क लागणारा माल जवळ नसणाऱ्यांच्या वाटेने) बाहेर पडला, तर त्याने 8,800 ही भरले नाहीत आणि 8,784 ही नाहीत. पूर्ण कायदेशीर, कुणाची चोरी नाही. मर्यादेच्या वर गेला तरच शुल्क लागतं. 2018 पासून मी अशा जादा मालावर 38.5 टक्क्यांची चलनं पाहत आलो आहे.

तुमचा न्याय्य दावा आहे तो त्या 8,784 वर. बर्डीवर घड्याळ घेणाऱ्याला जीएसटी पडतो आणि भाच्याकडून घेणाऱ्याला पडत नाही, ही असमानता खरी आहे. तिच्याविरुद्ध बोलायचा तुम्हाला हक्क आहे. पण 8,800 ची गोष्ट निराळी. तो बोजा भाच्यावर लादा असं तुम्ही म्हणता, त्याऐवजी तुमच्यावरचाच उतरवा असं म्हणा ना! सीमाशुल्क शून्य असतं तर तुमचं घड्याळ 47,200 ला पडलं असतं. दुबईच्या दुकानाशी तेव्हा तुम्ही वॉरंटी, दुरुस्ती आणि ओळखीच्या जोरावर आरामात झुंजला असता. 57,584 वर झुंजता येत नाही. म्हणजे तुमचा धंदा भाच्याने जेवढा खाल्ला, तेवढाच 2018 च्या त्या दुपटीनेही खाल्ला आहे.

परदेशी साइटच्या बाबतीत मात्र तुमची माहिती जुनी झाली आहे. एकेकाळी 5,000 रुपयांपर्यंतची भेटवस्तू टपालाने वा कुरिअरने आली तर शुल्क लागत नसे. चिनी साइट्सनी याचा असा फायदा घेतला की सूरतच्या साडीपेक्षा शेनझेनचा ड्रेस स्वस्त पडू लागला. प्रत्येक पाकिटावर "गिफ्ट", पाठवणारा कोण, घेणारा कोण, एकमेकांना ओळखत नाहीत. 12 डिसेंबर 2019 ला ती सवलत बंद झाली. भेट म्हणून बिनशुल्क येऊ शकतात त्या फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीला वगळायचं कुणाला सुचलं माहीत नाही, पण सीमाशुल्काच्या कायद्यात एवढा जिव्हाळा क्वचित सापडतो. एरवी शुल्क 100 रुपयांच्या आत असेल तर ते वसूल करत नाहीत, तेवढीच काय ती सूट. म्हणजे भारतात बाहेरून आलेलं पार्सल करमुक्त नाही. उलट बरीच वर्षं त्यावर दुकानदाराच्या आयातीपेक्षा जास्त कर होता. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर आयजीएसटीच 28 टक्के लागे, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 झाला. त्यांच्या सीमाशुल्काचा दर 20 वरून 10 टक्क्यांवर आणण्याची घोषणा 2026 च्या अर्थसंकल्पात झाली.

हा 28 टक्क्यांचा हट्ट किती आंधळा होता ते 2021 च्या एप्रिल-मेमध्ये दिसलं. नागपुरात ऑक्सिजनसाठी लोक दारोदार फिरत होते आणि परदेशातल्या मुलाने आईबापासाठी पाठवलेल्या कॉन्सन्ट्रेटरवर "वैयक्तिक वापर" म्हणून 28 टक्के आयजीएसटी लागत होता. दुकानातून घेतला तर 12. मे महिन्यात तो 12 वर आणला, मग दिल्ली उच्च न्यायालयाने तोही घटनाबाह्य ठरवला, आणि त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. बाहेरून मागवणारा म्हणजे चैन करणारा, या गृहीतावर दर ठरला की असंच व्हायचं.

पार्सल मागवणाऱ्यांची एक तक्रार माझ्याकडे सारखी येते. 6,000 ची वस्तू, शिपिंग 4,000, मग शुल्क नुसत्या 6,000 वर का नाही? कारण वर सांगितलं तेच, मूल्यात वाहतूक धरली जाते, विमानाने आलेल्या मालात वस्तूच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंत. त्यावर कुरिअर कंपनी तुमच्या वतीने शुल्क आधी भरल्याचा आकार वेगळा लावते. एवढं सगळं होऊनही माणूस बाहेरून मागवत असेल, तर ती वस्तू बर्डीवर मिळतच नाही किंवा मधल्या वितरकाने भाव फार चढवला आहे. यावर सरकार काही करू शकत नाही, तुमचा वितरक करू शकतो.

इतर देशांनी काय केलं तेही पाहा. अमेरिकेने 2016 मध्ये बिनशुल्क पार्सलची मर्यादा 200 डॉलरवरून 800 वर नेली होती. चिनी मालासाठी ती 2 मे 2025 ला संपली, आणि 29 ऑगस्ट 2025 ला सगळ्या जगासाठी. शुल्क कोण गोळा करणार, कसं भरणार हेच ठरलेलं नव्हतं, म्हणून भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. ती सुरू झाली 15 ऑक्टोबरला, आणि दिवाळी होती 20 तारखेच्या आसपास. धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर इथे फराळ करून परदेशी पाठवणाऱ्या बायकांना विचारा तो सीझन कसा गेला. चकली-चिवड्याने अमेरिकेचा कोणता कारखाना बुडणार होता, बाप्पा?

ऑस्ट्रेलियाने मात्र शहाणपण दाखवलं. 1 जुलै 2018 पासून 1,000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या पार्सलवर जीएसटी लावला, पण तो सीमेवर गोळा करत बसले नाहीत. मोठ्या परदेशी साइट्सना नोंदणी करायला लावली आणि विक्रीच्या वेळीच कर कापून भरायला सांगितलं. युरोपीय संघाने 1 जुलै 2021 ला 22 युरोखालच्या पार्सलची व्हॅटमाफी काढून जवळजवळ हीच वाट धरली. कर जमला, दुकानदाराशी बरोबरी झाली, आणि पाकीट फोडून बघणाऱ्या साहेबांची फौज लागली नाही. तुम्ही मागायचं असेल तर हे मागा.

आता मुक्त व्यापाराचा प्रश्न. त्यासाठी लांब जायला नको. शनिवार-रविवारी तुमच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबर प्लेट वाचा. छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, बैतूल. लग्नसराईत इतवारी, गांधीबाग, महाल, बर्डी हे सगळं या लोकांवर चालतं. 1956 पर्यंत नागपूर ही त्यांची राजधानीच होती. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो, सरहद्द मध्ये आली, पण बस्ता बांधायला ते अजून इथेच येतात. छिंदवाड्याचा घड्याळवाला यावर काय म्हणत असेल? तुम्ही दुबईबद्दल जे म्हणता तेच तो नागपूरबद्दल म्हणून राहिला असेल, शब्दही बदलत नसतील. उद्या मध्य प्रदेशने सरहद्दीवरच्या खवाशाच्या नाक्यावर परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या पिशव्या उघडून कर घेतला, तर बर्डी सहा महिन्यांत ओस पडेल. तसं करता येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम 301 ने देशांतर्गत व्यापार मुक्त ठेवला आहे. त्या कलमाचे सर्वांत मोठे लाभार्थी तुम्ही आहात, आणि हे सांगितलं की व्यापाऱ्यांच्या चेंबरच्या मीटिंगमध्ये शांतता पसरते.

असल्या नाक्यांचा अनुभव आपण घेतलेला आहे. जकातीचे दिवस आठवा. ट्रकच्या रांगा, बिल एकाचं माल दुसऱ्याचा, शहरातून नुसता पुढे जाणारा माल असला तरी एस्कॉर्ट फी. नागपुरात एप्रिल 2013 ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी बंद पाळले. ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटीने ते प्रकरणच संपवलं. जकात परत आणा, म्हणजे बाहेरचा माल शहरात येणार नाही आणि आमचं रक्षण होईल, असं म्हणणारा एकही व्यापारी मला आजवर भेटलेला नाही. शहराच्या वेशीवर जो कर मूर्खपणाचा वाटतो, तो मुंबई बंदरावर एकदम देशहिताचा कसा होतो, याचं उत्तर मला अजून ऐकायचं आहे.

याला एक दमदार आक्षेप आहे, आणि तो नागपूरच्याच मातीतला आहे. एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी ती सुरू केली. पुढच्या काही वर्षांत इंग्रज सरकारने मुक्त व्यापाराचं नाव घेऊन परदेशी कापडावरचं आयात शुल्क काढून टाकलं, 1882 पर्यंत ते पूर्ण गेलं. नंतर तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा शुल्क परत आणावं लागलं. पण मँचेस्टरला त्रास होऊ नये म्हणून 1896 मध्ये कापडाच्या आयातीवर 3.5 टक्के आणि इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढंच 3.5 टक्के उत्पादन शुल्क बसवलं. कागदावर पूर्ण समानता! मी वर आयजीएसटीचं जे समर्थन केलं, अगदी तसंच. तरी देश पेटला, आणि बरोबर पेटला. इथलं जाडंभरडं कापड आणि मँचेस्टरचं तलम कापड यांची फारशी स्पर्धाच नव्हती. कर बसवणाऱ्या सरकारला इथल्या कुणी निवडलेलं नव्हतं. आणि हिशोब लँकेशायरच्या सोयीचा होता. ते उत्पादन शुल्क 1925 पर्यंत चाललं. "मुक्त व्यापार" म्हटलं की आपल्या जुन्या पिढीच्या कपाळाला आठ्या का पडत, त्याचं कारण हे आहे.

मी हा आक्षेप मानतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मानत नाही. अन्याय झाला तो दर दुसऱ्याच्या सोयीने ठरल्यामुळे. स्वातंत्र्यानंतर दर आपण ठरवू लागलो आणि भिंत इतकी उंच नेली की 1991 मध्ये सर्वोच्च शुल्काचा दर 150 टक्क्यांवर "खाली" आणावा लागला. त्या भिंतीआड तुमच्या धंद्याचं काय झालं ते तुमच्या वडिलांना विचारा. एचएमटीच्या घड्याळासाठी वशिला लागे आणि चोरट्या मार्गाने आलेली जपानी घड्याळं हातोहात खपत. उंच शुल्काने परदेशी माल थांबला नाही, फक्त त्याचा धंदा पावती न देणाऱ्यांच्या हातात गेला. सोन्याचंही तेच. 2012 च्या सुरुवातीला शुल्क 2 टक्के केलं, ते ऑगस्ट 2013 पर्यंत 10 वर नेलं, आणि विमानतळांवर पट्ट्यात, बुटात, पोटात सोनं सापडू लागलं. जुलै 2024 मध्ये ते 15 वरून 6 टक्क्यांवर आलं तेव्हा इतवारीच्या सराफ्यात जी गर्दी उसळली, ती तुम्ही स्वतः पाहिली असेल. लांब कशाला, वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. तिथे बाटली कुठून जाते हे बुटीबोरीचं शेंबडं पोर सांगेल.

शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र मी एवढ्या ठामपणे बोलत नाही. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडचा संत्रा बांगलादेशात जातो. त्यांनी 2019 ते 2023 या काळात आयात शुल्क चौपटीहून जास्त वाढवलं आणि इथे बागेतला भाव कोसळला. शेवटी राज्य सरकारला निर्यातदारांसाठी त्या शुल्काच्या निम्म्याइतकं अनुदान जाहीर करावं लागलं. म्हणजे ढाक्याच्या तिजोरीतल्या कराची भरपाई आपल्या तिजोरीतून. तेव्हा सगळं विदर्भ मुक्त व्यापाराच्या बाजूने बोलत होतं. आणि ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं, तेव्हा तोच विदर्भ, काही ठिकाणी तर तोच शेतकरी, शुल्क परत लावा म्हणून रस्त्यावर आला. त्याला मी दुटप्पी म्हणणार नाही. ऐन वेचणीच्या तोंडावर, पेरणी झाल्यावर नियम बदलला तर कोणीही चिडेल. शुल्क किती असावं यापेक्षा ते अचानक हलू नये, हे त्याचं खरं दुखणं आहे. अमेरिकन शेतकऱ्याला सरकारी अनुदान आणि आपल्याला मोकळी स्पर्धा, हा मुद्दाही खोटा नाही. पण घड्याळ आणि परफ्यूमच्या दुकानाला कापसाच्या शेतकऱ्याचा युक्तिवाद उसना घेता येत नाही. त्याला पीक बदलायला वर्ष लागतं, तुम्हाला माल बदलायला एक फोन.

आता तुमच्या कामाचं. भारत आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिक्टेनस्टाइन या चार देशांचा करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आहे. त्यात स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने काही वर्षांत काढायचं ठरलं आहे. म्हणजे 8,800 मधला वाटा दरवर्षी उतरत जाणार. पण ही सवलत आपोआप मिळत नाही. माल त्या देशातच बनला याचा मूळ-देश दाखला लागतो, आणि 2020 पासूनच्या नियमांनी त्या दाखल्यामागची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची आहे. नुसता दाखला फडकावून चालत नाही. शिवाय दुबईच्या गोदामातून घेतलेलं स्विस घड्याळ या सवलतीत बसेलच असं नाही, मधल्या प्रवासाचे कागद पाहावे लागतात. असला दाखला भाच्याच्या सुटकेसमध्ये नसतो, तुमच्या फाइलमध्ये असू शकतो. एकट्याने कंटेनर भरणार नाही, तर बर्डी-धरमपेठेतले चार-पाच दुकानदार मिळून एकाच्या आयईसीवर (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) हवाई मार्गाने मागवा. नागपुरातच क्लिअर होतं, मुंबईच्या वितरकाची कडी निघून जाते.

तुम्ही निवेदनाचा मसुदा पाठवलात, त्यातलं "परदेशी खरेदीवर 100 टक्के शुल्क लावा" हे पहिलं कलम खोडा. त्याऐवजी लिहा, की परदेशी साइटने विक्रीच्या वेळीच आयजीएसटी कापावा, आणि मनगटी घड्याळांवरचं सीमाशुल्क 2018 च्या आधीच्या 10 टक्क्यांवर आणावं. बॅगेजची मर्यादा कमी करा अशी मागणी घालू नका. ती नुकतीच वाढली आहे, कुणी ऐकणार नाही, आणि निवेदनावर सही करणाऱ्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी दोहा-शारजाला आहेच. दुरुस्त केलेला मसुदा पाठवा, त्यातले एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचे क्रमांक) मी तपासून देतो. दुसऱ्या पानावर टाइमपीस (टेबलावरचं घड्याळ) आणि मनगटी घड्याळ एकाच शीर्षकात टाकलं आहे, ते तेवढं वेगळं करा.